नाकातला खोडवा : गेलेला वास परत कसा येतो?

फलटणला घरी गेले की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘पीएचडी कधी संपणार?’ याचं उत्तर माझ्या गाईडकडेही नाही. दुसरा, ‘तू नेमकं करतेस तरी काय?’ मी म्हणते, ‘नाकावर काम करते.’ मग समोरचा माणूस हसतो आणि विषय बदलतो. आज हा दुसरा प्रश्न नीट सोडवायचा आहे. त्यासाठी आधी आमच्या घरातली गोष्ट सांगते.

२०२१च्या मे महिन्यात आमच्या घरात सगळ्यांनाच कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला, आईचा ऑक्सिजनही नीट राहिला. सगळे म्हणाले, सुटलो. मग एके दिवशी मी वरच्या खोलीतून धावत खाली आले, कारण घरभर करपल्याचा वास सुटला होता. गॅसवर दुधाचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. आई तिथेच ओट्याशी पाठ करून भाजी निवडत बसली होती. तिला काहीही कळलं नव्हतं. त्यानंतर महिनाभराने शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातून ओरडून सांगितलं म्हणून निभावलं.

आईला वास येत नाही, हे आम्ही कुणी आजारपण धरलंच नाही. ‘कोविडमध्ये जातो वास, येईल परत’ असं जो तो म्हणत होता. आई स्वतःही तेच म्हणायची. पण पुढच्या उन्हाळ्यात चटणी करायची वेळ आली, तेव्हा ती रडली. आमच्याकडे, म्हणजे सातारा-सांगलीकडे, चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. मिरच्या वाळवायच्या, खोबरं, तीळ, धने, लवंगा भाजायच्या, कांदा तळायचा आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. खोबरं कधी उतरवायचं, हे आई घड्याळ बघून ठरवत नाही, नाकाने ठरवते. त्या वर्षी तिने शेजारच्या काकूंना कढईजवळ उभं केलं आणि त्यांना विचारून विचारून भाजलं. ‘माझी चटणी नाही ती,’ असं ती अजून म्हणते.

गंमत अशी, की त्याच काळात मी पुण्यात प्रयोगशाळेत बसून उंदराच्या नाकातलं अस्तर गळून पडल्यावर परत कसं उगवतं, हे बघत होते. म्हणजे आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या काचपट्टीवर होतं. ते आज तुमच्यासमोर मांडते.

नाकाच्या आत दोन प्रकारचं अस्तर असतं

कोटाला आतून अस्तर असतं, तसं नाकालाही असतं. डॉक्टरी मराठीत त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. नाकाच्या पोकळीचा बहुतेक भाग ज्या अस्तराने झाकलेला आहे, त्याचं काम श्वासाची हवा गरम करणं, ओलसर करणं आणि गाळणं हे आहे. त्यावर चिकट शेंबडाचा पातळ थर असतो आणि सूक्ष्म केसांसारखे तंतू तो थर हळूहळू घशाकडे ढकलत असतात. धूळ त्यात अडकते आणि आपल्या नकळत पोटात जाते. सर्दीत जे सुजतं, चोंदतं आणि वाहतं, ते मुख्यतः हे अस्तर.

वास घेणारं अस्तर वेगळं आहे. ते नाकाच्या अगदी छताला, दोन डोळ्यांच्या मधोमध, आत खोलवर असतं. आकाराने मोठ्या टपाल तिकिटाएवढं. साध्या श्वासातली फार थोडी हवा तिथपर्यंत पोचते. म्हणून तर वास नीट घ्यायचा असेल तेव्हा आपण हुंगतो, म्हणजे जोराने हवा वर ओढतो.

या चिमुकल्या तुकड्यात लाखो चेतापेशी आहेत. प्रत्येकीचं एक टोक शेंबडाच्या थरात उघडं असतं. दुसरा धागा वर जातो, नाकाच्या छतावरच्या चाळणीसारख्या हाडातल्या बारीक भोकांतून आरपार निघतो आणि थेट मेंदूला टेकतो. शरीरात चेतापेशी बाहेरच्या हवेला इतक्या उघड्या पडलेल्या दुसरीकडे कुठेही नाहीत.

या पेशींवर वासाचे रेणू पकडणारे ‘रिसेप्टर’ असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ साली या रिसेप्टरांची जनुकं शोधली आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. माणसात अशी चालू स्थितीतली साधारण ४०० जनुकं आहेत, उंदरात हजाराच्या आसपास. प्रत्येक चेतापेशी यातला एकच रिसेप्टर निवडते. लवंगेचा वास ओळखणारी एक खास पेशी असते, असं मात्र नाही. लवंगेचे रेणू काही रिसेप्टरांना कमी, काहींना जास्त छेडतात आणि त्या सगळ्यांचा मिळून जो ठसा तयार होतो, त्याला मेंदू ‘लवंग’ म्हणतो. हारमोनियमवर एका सुराऐवजी चार-पाच पट्ट्या एकदम दाबाव्यात, तसं.

एक छोटा प्रयोग करून बघा. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि वेलदोड्याचे दोन-चार दाणे चावा. जिभेला जरासा तिखटपणा लागेल, बाकी काही नाही. आता चिमटी सोडा. एका क्षणात वेलची ‘उगवेल’. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. म्हणून आई म्हणायची, ‘जेवण कागदासारखं लागतंय.’ तिची जीभ व्यवस्थित होती.

विषाणूने नेमकं कुणाला मारलं?

२०२०च्या सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं, की कोविडचा विषाणू या चेतापेशींनाच मारत असावा. तसं असतं तर ते भीतीदायक होतं, कारण त्या थेट मेंदूला जोडलेल्या आहेत. त्याच वर्षी हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने वेगळं चित्र मांडलं. विषाणूला पेशीत शिरायला एसीई-२ नावाचा दरवाजा लागतो. त्यांनी वासाच्या अस्तरातल्या एकेका प्रकारच्या पेशीत तो दरवाजा आहे का, ते तपासलं. चेतापेशींवर तो नव्हता. तो होता त्यांच्या शेजारणींवर, म्हणजे आधारपेशींवर.

आधारपेशी नावाप्रमाणेच काम करतात. चेतापेशींना टेकू देतात, त्यांच्याभोवतीचं क्षारांचं प्रमाण सांभाळतात, कचरा काढतात. कांदा-लसूण चटणीचा वास चेतापेशीला येतो, पण तिचं घर आधारपेशी चालवते. ती कोसळली की चेतापेशी जिवंत असूनही बिनकामाची होते. २०२१ साली जर्मनी आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या नाकातल्या ऊती तपासल्या. विषाणू आधारपेशींत सापडला, वासाच्या चेतापेशींत नाही.

२०२२ साली न्यूयॉर्कच्या गटांनी आणखी एक धागा जोडला. आजूबाजूला जी दाहाची धामधूम चालू असते, तिच्यामुळे चेतापेशीच्या केंद्रकातली रचना विस्कटते आणि रिसेप्टरांची जनुकं बंद पडतात. पेशी आहे, तिच्यावरचा रिसेप्टर नाही. घर आहे, दारावरची पाटी नाही. पोस्टमन पत्र टाकणार कुणाकडे?

ही बातमी एका अर्थाने चांगलीच होती. आधारपेशी लवकर परत तयार होतात. त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. तुमच्या घरातही कदाचित तसंच झालं असेल.

ऊस तोडला तरी बुडखा राहतो

आता माझ्या कामाचा भाग. शाळेत आपण शिकलो, की चेतापेशी मेली की मेली, नवीन होत नाही. नाकातला हा तुकडा त्या नियमाला ठळक अपवाद आहे. वासाच्या चेतापेशी जन्मभर मरत राहतात आणि जन्मभर नव्याने तयार होत राहतात. १९७०च्या दशकात पास्क्वाले ग्राझियादेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांमध्ये हे दाखवून दिलं. मोठ्या माणसातही हे चालू असतं का, यावर बरीच वर्षं वाद होता. २०२० साली अमेरिकेतल्या ब्रॅडली गोल्डस्टीन यांच्या गटाने प्रौढ माणसांच्या नाकातली ऊती एकेक पेशी सुटी करून तपासली आणि त्यात नवजात, अर्धवट वाढलेल्या चेतापेशी सापडल्या. म्हणजे तुमच्या नाकातही, हे वाचत असताना, नवीन चेतापेशी जन्मत असतील.

त्या कुठून येतात? अस्तराच्या तळाशी मूळपेशी असतात, म्हणजे स्टेम सेल. त्यांचे दोन प्रकार आहेत. गोलसर तळपेशी रोजची भरती करतात, जुनी चेतापेशी गेली की तिच्या जागी नवी देतात. चपट्या तळपेशी बहुधा झोपलेल्या असतात. मोठी इजा झाली, वरचं सगळंच अस्तर गळून पडलं, तरच त्या जाग्या होतात आणि चेतापेशी, आधारपेशी, सगळं पहिल्यापासून उभं करतात.

फलटणकरांना हे समजावायला मला फार कष्ट पडत नाहीत. ऊस तोडून नेला तरी जमिनीत बुडखा राहतो. त्याच्यावरचे डोळे फुटतात आणि नवी लागण न करता खोडव्याचं पीक उभं राहतं. वासाचं अस्तर म्हणजे खोडवा. वरचं पीक गेलं तरी बुडखे शाबूत असले, की परत फुटतं.

प्रयोगशाळेत आम्ही हेच बघतो. उंदराला मेथिमाझोल नावाच्या औषधाची मोठी मात्रा दिली, की एक-दोन दिवसांत वासाचं अस्तर सोलल्यासारखं सुटून येतं. (हे औषध थायरॉइडसाठी वापरतात. आम्ही उंदराच्या वजनाच्या मानाने देतो ती मात्रा खूप मोठी असते. तेव्हा हे वाचून कुणी आपली गोळी स्वतःहून बंद करू नका.) मग ठरावीक दिवसांनी नाकाचे पातळ काप घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पूर्ण वाढलेल्या चेतापेशींत ओएमपी नावाचं एक प्रथिन असतं, त्याला आम्ही हिरवा रंग देतो. पहिल्या आठवड्यात काचपट्टीवर हिरवं जवळपास काहीच दिसत नाही, तळाशी फक्त मूळपेशींची एक ओळ. मग हळूहळू थर जाडावत जातो आणि पुढच्या काही आठवड्यांत हिरवा पट्टा परत उभा राहतो. मी हे किती वेळा पाहिलंय, तरी दर वेळी बरं वाटतं.

पण उगवणं म्हणजे अर्धंच काम. प्रत्येक नव्या चेतापेशीला आपला धागा त्या चाळणीच्या भोकातून ओवून मेंदूतल्या योग्य ठिकाणी नेऊन टेकवावा लागतो. एकाच रिसेप्टरच्या पेशींचे धागे मेंदूत ठरावीक ठिपक्यांवर एकत्र येतात. थोडी तोडफोड असेल तर शेजारच्या जुन्या धाग्यांच्या मागोमाग नवा धागा बरोबर पोचतो. सगळंच उद्ध्वस्त झालं असेल तर चुकतो.

मग काहींचा वास परत का येत नाही?

आईचा वास वर्षभर आला नाही. अशा लोकांच्या नाकात काय चाललेलं असतं, हे बघायला २०२२च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उपयोगी पडतो. गोल्डस्टीन यांच्याच गटाचा, ड्यूक विद्यापीठातला. त्यांनी वासाच्या अस्तराचे बारीक तुकडे घेतले, एकूण २४. त्यातले ९ जण असे होते, की कोविड होऊन गेल्यावर बराच काळ लोटूनही त्यांना वास येत नव्हता. त्यांच्या अस्तरात विषाणू सापडला नाही. सापडल्या त्या टी-पेशी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीचे शिपाई. लढाई संपून गेली होती, शत्रू निघून गेला होता, पण शिपाई ठाण मांडून बसले होते आणि दाह चालूच होता. चेतापेशींची संख्याही कमी दिसली.

खोडव्याच्या भाषेत सांगायचं, तर बुडखे जिवंत आहेत, पण शेतात पाणी साचून राहिलंय. फुटवा येईल कसा?

म्हणूनच आता काही गट हा दाह थेट अस्तरापाशी कमी करता येईल का, ते बघत आहेत. दुसरीकडे मूळपेशी बाहेरून नेऊन पेरता येतील का, यावरही काम चालू आहे. २०१९ साली वास हरवलेल्या उंदरांच्या नाकात अशा पेशी सोडल्यावर त्या रुजल्या आणि उंदरांना काही प्रमाणात वास येऊ लागला. पण ते उंदरांत. माणसासाठी असा उपचार आज उपलब्ध नाही. कुणी ‘स्टेम सेलने वास आणून देतो’ म्हणून पैसे मागत असेल, तर तिथून निघा.

कांदा गटारासारखा का वाटतो?

वर्ष-दीड वर्षाने आईला अचानक वास यायला लागला, पण भलताच. फोडणीत लसूण पडला की तिला कुजकट, जळक्या रबरासारखं वाटायचं. ती स्वयंपाकघरातून बाहेर पळायची. कॉफीचंही तेच. आम्हाला वाटलं, हिच्या मनाचे खेळ.

याला नाव आहे, पॅरोस्मिया. २०२२ साली ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीतले घटक एकेक करून वेगळे केले आणि पॅरोस्मिया असलेल्यांना हुंगायला दिले. घाण वाटायला लावणारे रेणू ठरावीकच निघाले. त्यात २-फ्युरानमिथेनथायॉल हा पुढे होता. गंधकयुक्त रेणू, भाजलेल्या कॉफीत असतो आणि अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. भाजणं, तळणं, कांदा, लसूण, अंडी, कॉफी ही तक्रारींची नेहमीची यादी आहे. आपल्या स्वयंपाकाची सुरुवातच तिथून होते, त्यामुळे आपल्याकडे हा त्रास किती जाचक होत असेल, बघा.

यामागचं एक स्पष्टीकरण असं : खोडवा अर्धवट फुटलाय. ४००पैकी काहीच रिसेप्टर परत आलेत. हारमोनियमच्या पाच पट्ट्यांपैकी दोनच वाजताहेत, म्हणून मेंदूला ओळखीचं गाणं बेसूर ऐकू येतंय. त्रासदायक असलं तरी हे बहुधा अस्तर परत जोडलं जात असल्याचं लक्षण असतं. हे मी आईला समजावलं, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, ‘म्हणजे मला वेड लागलेलं नाही.’ माझ्या पीएचडीचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

न दिसणारी इजा

१७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळची एक हकीकत छापून आली होती. कावसजी नावाचा, इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीतल्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. ती हकीकत वाचून युरोपातले सर्जन हे तंत्र शिकले. बाहेरचं नाक गेलं की सगळ्या जगाला दिसतं. ‘नाक कापलं गेलं’ म्हणजे अब्रू गेली, ही आपली भाषाच आहे. आतलं टपाल तिकिटाएवढं अस्तर गेलं, तर कुणालाही दिसत नाही. पुष्कळदा ज्याचं गेलं त्यालाही नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. २०२० साली पुण्याच्या आयसरमधल्या निक्सन अब्राहम यांच्या गटाने बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांबरोबर एक अभ्यास केला. त्यांनी मोजूनमापून वास सोडणारं एक यंत्र तयार केलं आणि कोविडची कोणतीही लक्षणं नसलेल्या, पण चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या लोकांचा वास तपासला. विचारल्यावर ‘मला वास कमी येतो’ म्हणणारे थोडे होते. यंत्रावर मोजल्यावर बहुतेकांमध्ये कमतरता निघाली. दृष्टी कमी झाली की आपण नंबर काढतो. वासाचा नंबर कुणी काढतच नाही.

त्यात चाचण्यांचीही अडचण आहे. अमेरिकेत १९८४ पासून वापरात असलेल्या एका प्रसिद्ध चाचणीत ४० वास आहेत, कागद खरवडून हुंगायचे. त्यात रूट बिअर आहे, भोपळ्याचा पाय आहे. फलटणच्या बाजारात कुणाला रूट बिअर ओळखायला सांगितलं आणि तो नापास झाला, तर दोष नाकाचा नाही. इथे हिंग, जिरं, कढीपत्ता आणि मोगरा हवा.

वास कमी होण्याला कोविड हे एकच कारण नाही, हेही सांगायला हवं. ॲलर्जी, जुनाट सायनस, नाकातले कोंब (पॉलिप), डोक्याला मार ही नेहमीची कारणं. वय तर आहेच. अमेरिकेतल्या जुन्या मोजणीत ८० वर्षांपुढच्या चौघांपैकी तिघांचा वास कमी निघाला होता. खोडव्यानंतर निडवा, आणि दर खेपेला उतारा कमी, तसंच. आणि धूर. २०२१ साली बाल्टिमोरमधल्या अभ्यासात, हवेत सूक्ष्म कण जास्त असलेल्या भागात राहणाऱ्यांत वास गमावण्याचं प्रमाण जास्त आढळलं. माझ्या आजीने आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, इथेनॉलवर चालणारे कंदील आणि शेगड्या करण्याचं काम झालं, ते खेड्यातल्या घरात उजेड यावा आणि धूर कमी व्हावा म्हणून. फुप्फुसांचा विचार त्यात आपण करतोच. नाकाच्या छतावरचा तो तुकडाही त्याच धुरात बसलेला असतो.

काय करायचं, काय नाही

१. घरी तपासा. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने लवंग, कॉफी, हिंग, साबण एकेक करून नाकाखाली धरायचं. व्हिक्स, कापूर किंवा चिरलेला कांदा वापरू नका. त्यांचा गारवा किंवा झोंबणं वेगळ्या चेतातंतूंमार्फत कळतं. ‘व्हिक्स कळतंय, म्हणजे वास ठीक आहे’ ही फार मोठी फसगत आहे. आमचीही झाली होती.

२. दोन-तीन आठवड्यांत वास परतला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. दुर्बिणीतून बघितल्यावर कोंब किंवा सूज दिसली, तर त्यावर उपचार आहेत. नाकातून रक्त, एकाच बाजूचं चोंदणं, चेहऱ्याला सूज किंवा काळा स्राव असेल, तर थांबूच नका.

३. वासाचा व्यायाम करा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली ही पद्धत मांडली. चार वास : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळी आणि रात्री, निदान १२ आठवडे. छोट्या बाटल्यांत कापसावर थेंब टाका, लवंगा नुसत्या ठेवल्या तरी चालतात. प्रत्येक बाटली वीसेक सेकंद हळूहळू हुंगायची आणि तो वास पूर्वी कसा यायचा, ते आठवायचं. व्यायाम करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा जास्त जणांना फायदा झाला. सगळ्यांना नाही. हा व्यायाम अस्तरावर काम करतो की मेंदूवर, यावर अजून वाद आहे. पण खर्च नाही आणि धोका नाही.

४. नाकात काहीही ओतू नका. २०२१मध्ये व्हॉट्सॲपवर नाकात लिंबाचा रस पिळायचा सल्ला फिरत होता. आमच्या गल्लीत दोघांनी तो केला. १९३७ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये पोलिओ टाळण्यासाठी हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं होतं. पोलिओ टळला नाही, काही मुलांचा वास मात्र कायमचा गेला. पीक गेलं तर परत येतं, बुडखेच जाळले तर काय येणार?

५. घर सुरक्षित करा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. ज्याला वास येत नाही, त्याच्यासाठी ती सोय नसल्यातच जमा. रात्री रेग्युलेटर बंद करणं आणि गळती ओळखणारं यंत्र लावणं, एवढं तरी कराच. शिळ्या अन्नावर तारीख लिहा.

आईने व्यायाम केला. आधी कुरकुरत, मग नेमाने, देवपूजेच्या आधी. तिच्या चार बाटल्या अजूनही देव्हाऱ्याशेजारी आहेत. लवंग पहिल्यांदा आली, पाचव्या महिन्यात. गेल्या हिवाळ्यात गाळप चालू असताना रात्री अंगणात उभी राहून म्हणाली, ‘मळीचा वास येतोय गं.’ ज्या वासाला आम्ही लहानपणी नाकं मुरडायचो, त्यासाठी तिने मला पुण्याला फोन केला होता.

या उन्हाळ्यात चटणी तिने एकटीने केली. खोबरं तिला कळलं, लवंग कळली. लसूण अजून थोडा बेसूर आहे, म्हणून तेवढ्यासाठी काकूंना हाक मारली. पूर्ण परत येईल का, हे मी तिला सांगू शकत नाही. बुडखे जिवंत आहेत, एवढं मात्र नक्की सांगते.

तुमच्या घरात कुणी गेले कित्येक महिने ‘जेवणाला चव नाही’ म्हणत असेल, तर आज रात्री जेवणाआधी त्यांच्या नाकाखाली एक लवंग धरून बघा. काय झालं, ते मला जरूर कळवा. पुढच्या लेखात नाकातल्या सर्दीबद्दल, म्हणजे त्या दुसऱ्या अस्तराबद्दल बोलू.